घाटावरचे वेळापत्रक घाटाखाली : ठाण्यातला ग्लॅडिओलस

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या बागकाम पुरवणीतल्या ग्लॅडिओलसवरच्या टिपणात कंद 'जून-जुलै किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये' लावायला सांगितले आहे. पुणे, नाशिक, सातारा या भागांसाठी हा सल्ला बरोबर आहे. तिकडे पावसाळी आणि हिवाळी अशा दोन्ही हंगामांत लागवड होते. पण आपली ही आवृत्ती ठाण्यात आणि नवी मुंबईत वाचली जाते. इथे जूनमध्ये लावलेला कंद जुलैअखेर कुंडीत मऊ पडतो आणि सप्टेंबरमध्ये लावलेला कोंब काढतो न काढतो तोच ऑक्टोबरच्या उन्हात सापडतो. मग 'कंदच खराब निघाले' म्हणून नर्सरीवाल्याला बोल लावला जातो. बहुतेक वेळा कंद चांगला असतो. घाटावरचे वेळापत्रक घाटाखाली आणल्याने तो वाया जातो.

फरक पावसाचा आहे. पुण्यात वर्षाला ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. ठाण्यात तो २,५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ग्लॅडिओलसचा कंद म्हणजे अन्न साठवून फुगलेले खोडच. त्याला मुळे फुटायच्या आधी आठवडाभर माती चिंब राहिली की मातीतली हवा संपते आणि बुरशी आधी पोहोचते.

दुसरा गोंधळ परदेशी व्हिडिओंनी केला आहे. तिकडे वसंतात लावा आणि बर्फ पडायच्या आत कंद उपटून घ्या, असे सांगतात. ते ऐकून आपल्याकडे लोक म्हणतात, ठाण्यात कुठे बर्फ पडतो, राहू द्या कंद कुंडीतच. हा तर्क महागात पडतो. आपल्याकडेही कंद दरवर्षी काढावेच लागतात, पण पावसाच्या भीतीने.

म्हणून लागवडीची तारीख पावसाकडून उलटी मोजावी. मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्याआधी वळवाची एखादी सर गृहीत धरायची. काढलेले कंद सावलीत सुकायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणजे ते १५ मेच्या सुमारास मातीबाहेर हवेत. फूल संपल्यावर नवा कंद भरायला ५० ते ६० दिवस लागतात, म्हणजे शेवटचा फुलदांडा २० मार्चच्या आसपास आटपायला हवा. लागवडीपासून फुलापर्यंत लवकर येणाऱ्या जाती ६५ ते ७५ दिवस घेतात, मध्यम जाती ८० ते ९०. ही वजाबाकी केली की शेवटची लागवड डिसेंबरच्या अखेरीस येते, आणि तीही लवकर येणाऱ्या जातींचीच. मध्यम जाती डिसेंबरच्या मध्यापर्यंत मातीत गेलेल्या बऱ्या. जानेवारीत लावलेले कंद उगवतात जोमाने, पण फुलदांडा मार्चअखेरच्या किंवा एप्रिलच्या उन्हात येतो. खालची चार-पाच फुले उमलतात आणि वरच्या कळ्या करपून कागदासारख्या होतात.

पहिली लागवड दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे. पहाटे पंखा बंद करावासा वाटू लागला की वेळ झाली असे समजावे. सगळे कंद एकाच दिवशी लावू नयेत. २० कंद असतील तर १० नोव्हेंबरपासून दर १२ दिवसांनी ४-४ लावले, की पाच टप्पे डिसेंबरच्या शेवटापर्यंत संपतात आणि जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या मध्यापर्यंत घरात फुले राहतात. संक्रांतीला फूल हवेच असेल तर लवकर येणारी जात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावावी लागते. त्या वेळी दुपारचा पारा अजून उतरलेला नसतो, त्यामुळे दांडा वीतभर आखूड आला तर तक्रार करू नये.

उन्हाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण फ्लॅटमधल्या बागेचे सगळे गणित तिथेच अडते. ग्लॅडिओलसला रोज किमान सहा तास थेट ऊन लागते. गॅलरीत ऊन येते की नाही, हे लोक मे महिन्याच्या अनुभवावरून ठरवतात आणि फसतात. मेच्या मध्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो. सूर्य थेट डोक्यावर, त्यामुळे वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली ऊन शिरतच नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य भर दुपारी क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर दक्षिणेला असतो. मेमध्ये सावलीत असलेल्या दक्षिणेकडच्या गॅलरीत तेव्हा ऊन आतल्या भिंतीपर्यंत येते. अशी गॅलरी या फुलाला सर्वांत उत्तम. उत्तरेकडच्या गॅलरीत सप्टेंबरअखेर ते मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थेट ऊन येत नाही. तिथे ग्लॅडिओलसचा नाद सोडावा. घोडबंदर रोडवर किंवा खारघरमध्ये समोर टॉवर असेल तर हेही लक्षात घ्यावे, की डिसेंबरात इमारतीची सावली भर दुपारीसुद्धा जवळपास तिच्या उंचीइतकी लांब पडते. ऊन कमी पडले तर झाड मरत नाही. हिरवीगार पाने वाढत राहतात, पण दांडा धरत नाही. फुलाची कळी आत धरते ती झाडाला दोन-तीन पाने असतानाच, त्यामुळे नंतर कुंडी उन्हात हलवून फारसा उपयोग होत नाही.

कंद घेताना आकाराला भुलू नये. साडेतीन ते पाच सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे मध्यम लिंबाएवढा कंद पुरतो. मात्र तो उभट, गरगरीत हवा. मोठा पण भाकरीसारखा चपटा कंद जुना असतो, त्याचा दांडा बारीक येतो. कंद उलटा करून तळ पाहावा. तिथला जुना वण लहान असेल तर कंद तरुण. त्या वणाभोवती बारीक उंचवट्यांचे कडे दिसत असेल, तर तो मुळे सोडायला तयार आहे. कडे नसेल आणि वरचा डोळाही सपाट असेल तर कंद अजून झोपेत आहे. काढणीनंतर त्याला अडीच-तीन महिन्यांची विश्रांती लागते. ती पूर्ण झाली नसेल तर लावूनही तो महिना-दीड महिना तसाच बसतो, आणि ठाण्याच्या छोट्या हिवाळ्यात तेवढा उशीर परवडत नाही. अंगठ्याने दाबून पाहावा. मऊ लागला, किंवा साल उचलल्यावर खाली तपकिरी खोलगट डाग दिसला, तर फुकटसुद्धा घेऊ नये.

जातींची नावे आपल्याकडच्या दुकानांत क्वचितच मिळतात; कंद रंगावर विकले जातात. नावानिशी मिळाले तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या 'आरती', 'पूनम', 'सपना', 'शोभा' आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'फुले गणेश', 'फुले तेजस', 'फुले नीलरेखा' या जाती आहेत. परदेशी जातींत पांढरी 'व्हाइट प्रॉस्पेरिटी', गुलाबी-लाल 'अमेरिकन ब्युटी' आणि पिवळी 'नोव्हा लक्स' बऱ्याच ठिकाणी असतात. नाव मिळाले नाही तर निदान लवकर येणारी आहे की उशिरा, एवढे तरी विचारून घ्यावे.

लावण्याआधी कंदावरचे तपकिरी पापुद्रे हाताने सोलावेत. सोलताना डोळा मोडू नये. सोलल्याचा फायदा दुहेरी : आतले डाग दिसतात आणि पापुद्र्याखाली लपलेले फुलकिडे निघून जातात. सोललेले कंद कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात, लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात, अर्धा तास बुडवून ठेवावेत आणि सावलीत वर्तमानपत्रावर सुकवावेत. हातमोजे घालावेत, आणि त्यासाठी वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. रसायन नको असेल तर लिटरला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा. दोन्ही एकदम करणारे बरेच असतात, 'डबल सुरक्षा' म्हणून. ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे. बुरशीनाशक तिलाही मारते. दोन्ही वापरायचेच असेल तर मध्ये १५ दिवस जाऊ द्यावेत.

मातीत निचऱ्याला पहिला मान. नर्सरीत पोत्याने मिळणारी लाल माती २ भाग, धुतलेली जाड रेती १ भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत १ भाग, आणि १२ इंची कुंडीला ५० ग्रॅम निंबोळी पेंड. रेती कुठली आहे हे विचारावे. खाडीची रेती असेल तर तीत मीठ असते; तीन-चार पाण्यांनी धुतल्याशिवाय ती कुंडीत घातली, तर पानांची टोके महिनाभरात जळू लागतात. अर्धवट कुजलेले खत हे कंदकुजीचे आणखी एक कारण. हातात घेऊन वास घ्यावा, शेणाचा वास आला तर खत अजून तयार नाही. वाशी, नेरूळ, कोपरखैरणेकडच्या सोसायट्यांत जमिनीवरच्या वाफ्यात लावायचे असेल तर खाली बहुधा मुरमाची किंवा डेब्रिसची भरणी असते. तिथे खणत बसण्यापेक्षा विटा लावून २५ सेंटिमीटर उंच वाफा करावा आणि हेच मिश्रण भरावे.

कुंडी किमान १२ इंच व्यासाची आणि तेवढीच खोल. तीत ४ कंद, एकमेकांपासून १०-१२ सेंटिमीटरवर. फार तर ५. आधी कुंडी निम्म्यापर्यंत भरावी, कंद डोळा वर करून ठेवावेत, आणि त्यांच्यावर फक्त ५ सेंटिमीटर माती टाकावी. कुंडी वरून रिकामी दिसते, तशीच राहू द्यावी. कोंब वर येऊन चार पाने झाली की राहिलेली माती टाकून कंदावरचा थर ९-१० सेंटिमीटर करायचा. शेतात याला भर देणे म्हणतात. कुंडीत तीच युक्ती अशी करता येते. सुरुवातीला कमी माती असल्याने कोंबाला बाहेर यायला त्रास होत नाही, आणि नंतरच्या भरीमुळे फुलाच्या वजनाने झाड कलंडत नाही. काठीही त्याच दिवशी रोवावी, सव्वा मीटरची बांबूची. दांडा निघाल्यावर काठी खुपसली तर ती नेमकी कंदातून जाते.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी, मग कोंब दिसेपर्यंत, म्हणजे ७ ते १२ दिवस, फक्त वरची माती कोरडी झाल्यावर थोडेसे. कंदाकडे स्वतःचे पाणी असते, त्याला काळजीपोटी रोज पाजू नये. या दिवसांत कुंडीखालची ताटलीही काढून ठेवावी.

पुढे मात्र तारखा सोडून पाने मोजावीत. दोन पाने झाली की १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला ३ ग्रॅम मिसळून कुंडीला अर्धा लिटर द्यावे. चौथ्या पानाला भर, आणि त्याच खताची दुसरी मात्रा. सहावे पान बाहेर आले की पंख्यासारख्या पानांचा बुंधा दोन बोटांत धरून पाहावा. चार पानांवर तो चपटा, पट्टीसारखा लागतो; आता मधोमध गोलसर, पेन्सिलीसारखे काहीतरी बोटांना जाणवते. तो आत वर सरकणारा दांडा. तिथून फूल उमलेपर्यंतचे तीन-चार आठवडे पाण्याची एकही पाळी चुकू नये. गच्चीवरच्या वाऱ्यात कुंडी जानेवारीतही रोज पाणी मागते. बोट दोन पेरे खोल घालावे. कोरडे लागले तर द्यावे. या अवस्थेत एखादा शनिवार-रविवार बाहेरगावी गेलात आणि कुंडी सुकली, तर दांडा पानांतच अडकतो किंवा १५-१६ ऐवजी सात-आठ कळ्यांवर थांबतो. याच वेळी १३:०:४५ हे पालाशाचे खत लिटरला २ ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा.

युरिया घालू नये. नत्र जास्त झाले की पाने लुसलुशीत होतात, दांडा मान टाकतो आणि कंद साठवणीत कुजतो. सिंगल सुपर फॉस्फेटही टाळावे. बागकामाच्या बहुतेक सल्ल्यांत ते हमखास असते, पण त्यात फ्लोराइडचा अंश असतो आणि ग्लॅडिओलस फ्लोराइडच्या बाबतीत फार नाजूक आहे; पानांची टोके तपकिरी होऊन जळत खाली येतात. त्याऐवजी लागवडीच्या वेळी कुंडीला दोन मोठे चमचे बोनमील मातीत मिसळले तरी भागते. परलाइटही याच कारणाने नको.

किडींत खरा शत्रू एकच, फुलकिडे. पानांवर चांदीसारखे पांढुरके ओरखडे दिसले की पांढरा कागद खाली धरून पान दोन-तीनदा टिचकीने झटकावे. कागदावर मिलिमीटरभर लांबीच्या काळपट किंवा पिवळसर रेघा पडतात, आणि नीट पाहिले तर त्या चालू लागतात. कळ्यांच्या आवरणात शिरले की फूल अर्धवट उमलते, पाकळ्यांच्या कडा वाळतात, गडद रंगावर फिकट ठिपके पडतात. तोवर उशीर झालेला असतो, म्हणून कागदाची ही परीक्षा तिसऱ्या पानापासून दर आठवड्याला करावी. सुरुवातीला १०,००० पीपीएमचे निंबोळी अर्क लिटरला २ मिलिलिटर, चिमूटभर साबण घालून, दर सात दिवसांनी संध्याकाळी. फवारा पानांच्या बेचक्यात गेला पाहिजे. निळे चिकट सापळे कुंड्यांजवळ टांगले तर संख्या कळते. एवढ्याने आटोक्यात आले नाही तर स्पिनोसॅड ४५ टक्के, लिटरला ०.३ मिलिलिटर, सूर्यास्तानंतर, कारण ते मधमाश्यांना घातक आहे. गोगलगायी, मावा येतात-जातात. हाताने काढाव्यात, मावा पाण्याच्या धारेने जातो. गच्चीवर उंदीर असतील तर लावल्याबरोबर कुंडीवर जाळी बांधावी, ते कंद उकरून खातात.

मर रोगाला औषध नाही. बाहेरची पाने शिरांच्या मधून पिवळी पडतात, झाड एका बाजूला वाकते, आणि ओढले तर सहज हातात येते. तळाशी कंद तपकिरी, कुजका. हा फ्युजेरियम नावाच्या बुरशीचा रोग. शेजारच्या झाडाला पाणी तोडण्याची किंवा बुरशीनाशक ओतण्याची धडपड करण्यापेक्षा आजारी झाड त्याच्याभोवतीच्या मातीसकट पिशवीत भरून कचऱ्यात टाकावे. कंपोस्टमध्ये अजिबात नको. ती बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते, म्हणून कुंडीतली उरलेली माती जास्वंदीला, तगरीला वापरावी, ग्लॅडिओलसला पुन्हा नाही.

आणि पाकळ्यांवर अचानक वेडेवाकडे पांढरे पट्टे आले तर 'नवीन रंग निघाला' म्हणून जपून ठेवू नये. पानावरही फिकट रेघा असतील तर तो मोझॅक विषाणू आहे. मावा तो शेजारच्या झाडांवर नेतो. ते झाड कंदासकट काढून टाकावे.

फूल कापायचे ते सकाळी, खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसू लागताच. सगळी फुले उमलायची वाट पाहिली तर फुलदाणीत ती दोन दिवस टिकतात. धारदार चाकू पानांच्या मधून तिरका आत घालून दांडा कापावा. झाडावर किमान चार पाने राहिली पाहिजेत. कापलेला दांडा आडवा ठेवू नये, शेंडा काही तासांत वर वळतो आणि मग सरळ होत नाही. फुलदाणीच्या पाण्यात लिटरला २० ग्रॅम साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस, रोज पाणी बदलायचे आणि टोक सेंटिमीटरभर कापायचे. आठवडाभर कळ्या खालून वर उमलत जातात.

इथे बहुतेक लोकांचा ग्लॅडिओलस संपतो. फूल गेले, पाने उरली, कुंडी कोपऱ्यात सरकली, पाणी आठवले तर. पुढच्या वर्षी त्याच कंदाला बारीक दांडा येतो किंवा येतच नाही, आणि दोष कंदाला. हे होते कारण लावलेला कंद फूल देऊन संपतो. पुढच्या वर्षीचा कंद नवा असतो आणि तो फुलानंतरच्या या दोन महिन्यांत भरतो. कुंडी त्याच उन्हात ठेवून पाणी चालू ठेवावे, पालाशाचे ०:०:५० हे खत लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, असे दोन-तीनदा द्यावे. दांडा कापला नसेल तर सुकलेली फुले खुडावीत, बी धरू देऊ नये. पाने टोकांकडून पिवळी पडू लागली की पाणी कमी करत जावे आणि काढणीआधी दहा दिवस बंद करावे. पाने पूर्ण वाळायची वाट पाहू नये. अर्धी पिवळी झाली की पुरे.

कुंडी आडवी करून माती मोकळी करावी, पानांना धरून हिसडा देऊ नये. हातात येते ती दुमजली रचना पाहण्यासारखी असते. वर नवा, फुगीर, फिकट पापुद्र्यांचा कंद. त्याच्या तळाशी चिकटलेला, सुरकुतलेला, काळपट चकतीसारखा जुना कंद. दोघांच्या सांध्यात वाटाण्याएवढ्या, कडक कवचाच्या बारीक कंदिका, कधी पाच, कधी तीस. नव्या कंदाच्या तळातून निघालेली जाड, आडव्या सुरकुत्यांची पांढरी मुळेही दिसतात. ती आखडत जाऊन नव्या कंदाला मातीत खाली ओढून धरतात. नवा कंद जुन्याच्या वर धरतो, त्यामुळे कंद उथळ लावला तर तो उन्हात उघडा पडतो.

पाने कंदापासून २ सेंटिमीटरवर कापावीत. कंद धुवू नयेत. सावलीत, पंख्याखाली, चाळणीवर किंवा कागदावर एक थर करून दोन-तीन आठवडे सुकवावेत. नीट सुकला की जुना कंद अंगठ्याने ढकलताच कट्‌कन निघतो. निघत नसेल तर अजून ओल आहे. पापुद्रे या वेळी काढू नयेत.

मग साठवण, आणि आपल्या हवेत खरी कसोटी इथेच आहे. जाळीच्या पिशवीत भरून माळ्यावर ठेवणे घाटावर चालते. इथे जुलै-ऑगस्टच्या दमटपणात अशा कंदांवर हिरवी बुरशी धरते, आणि जे वाचतात ते विश्रांती संपल्याने ऑगस्टमध्येच कोंब काढून बसतात. सोपा मार्ग म्हणजे फ्रिजचा भाजीचा कप्पा. कंद कागदी पिशवीत, पिशवी पुठ्ठ्याच्या खोक्यात. प्लॅस्टिकमध्ये बंद केले तर आत पाणी सुटते. महिन्यातून एकदा उघडून मऊ पडलेले काढून टाकावेत. खोक्यावर रंग, तारीख आणि 'खाण्याचे नाही' असे मोठ्या अक्षरांत लिहावे. लहान कांद्यांसारखे दिसणारे हे कंद फोडणीत पडायला वेळ लागत नाही, आणि ते विषारी आहेत. घरात कुत्रा-मांजर असेल तर सुकवतानाही उंचावर ठेवावेत. लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी बाहेर काढून हवेशीर जागी ठेवले की मुळांचे कडे दिसू लागते.

इतके करूनही ठाण्यात कंद वर्षागणिक थोडा लहान होतो, कारण आपला हिवाळा तोकडा आहे. ४ सेंटिमीटरचा कंद तिसऱ्या वर्षी तीनवर येतो. म्हणून दरवर्षी निम्मे कंद नवे घ्यावेत, हे सरळ गणित. कंदिकांना फूल यायला दोन-तीन हंगाम लागतात, म्हणजे इथे दोन-तीन वर्षे. चोवीस तास पाण्यात भिजवून, कवच थोडे तडकवून, ३ सेंटिमीटर खोल लावतात. एखादा दुर्मिळ रंग असेल तर जरूर. नाहीतर फ्लॅटमध्ये तेवढी जागा अडवणे पटत नाही.

'पाच रंग लावले होते, सगळे हळूहळू एकाच रंगाचे झाले,' ही तक्रारही नेहमी ऐकू येते. कंदाचा रंग बदलत नाही. एखादी जोरकस जात भरपूर कंद देते, नाजूक जाती साठवणीत मरतात, आणि मिश्र पिशवीत हे कळत नाही. रंगानुसार पिशव्या वेगळ्या ठेवल्या की कोण संपले ते दिसते.

राहिला प्रश्न मे ते ऑक्टोबर रिकाम्या कुंड्यांचा. मेच्या उन्हात माती गच्चीवर पातळ पसरून, ओली करून, पारदर्शक प्लॅस्टिकने कडा दाबून तीन आठवडे झाकावी. बुरशी आणि किडींचे कोष बरेच कमी होतात. मग जुलैच्या मध्यात त्याच कुंडीत झेंडूची रोपे लावावीत. निचऱ्याची माती आधीच तयार असते, पावसात तग धरतात, त्यांच्या मुळांमुळे मातीतले सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी, कमी होतात, आणि दसऱ्याच्या तोरणापुरती फुलेही मिळतात. लक्ष्मीपूजनासाठी शेवटचा तोडा घेतला की झेंडू उपटून टाकावा, मातीत मूठभर निंबोळी पेंड मिसळून आठवडाभर ऊन द्यावे, आणि दोन-तीन आठवडे आधी फ्रिजबाहेर काढून ठेवलेले कंद लावायला घ्यावेत.

आपला,
एक वाचक
नौपाडा, ठाणे